दहाला नव्वद

सातारा-सांगलीकडे टपरीच्या आडोशाला एखादा जण चिटोऱ्यावर आकडा आणि पुढे रक्कम लिहून देताना दिसतो. हा मटका. पूर्वी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडा लागायचा. ते भाव येणं थांबलं तेव्हा, १९६०च्या दशकात, मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. नाव तिथूनच पडलं.

आता हिशेब. समजा ४, ६, ८ निघाले. बेरीज १८, शेवटचा अंक ८, हा ‘ओपन’. तसाच नंतर ‘क्लोज’, दोन्ही मिळून जोडी. आकडा लागला की साधारणपणे १० रुपयांना ९० मिळतात. पण आकडे दहा! दहा जणांनी वेगवेगळ्या आकड्यांवर १०-१० लावले, तर जमले १००, वाटले ९०. उरलेले १० घेणाऱ्याचे, आकडा कुठलाही येवो.

परदेशात डार्टच्या सामन्यात तोडीस तोड खेळाडूंवर १ रुपयाला १.९० असा भाव ठेवला, तरी कात्री असतेच, फक्त लहान. मात्र तिथं खेळाडूचा फॉर्म पाहता येतो. आकड्याला कालचं काही आठवत नाही. ‘आठवडाभर आला नाही, आज येणारच’ म्हणत हजेरीचे पैसे लावणाऱ्याला पाहून माझा जीव तुटतो. शिवाय १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली घेणाऱ्याबरोबर लावणाराही सापडू शकतो.