पिक अँड प्लेसचा खरा वेग

मोटारीचा कंट्रोलर असो की घरातलं वीजमीटर, आतल्या सर्किट बोर्डावर मिठाच्या कणाएवढे रेझिस्टर आणि कपॅसिटर बसवलेले असतात. ‘०२०१’ मापाचा कंपोनंट ०.६ मिलिमीटर लांब आणि ०.३ मिलिमीटर रुंद असतो. तो हाताने एकेक करून बसवणं कारखान्याला परवडणारं नाही. ते काम पिक अँड प्लेस मशीन करतं. व्हॅक्यूमने कंपोनंट नोझलवर उचलायचा, कॅमेऱ्यासमोर धरून तो किती तिरका आलाय ते मोजायचं आणि तेवढा फिरवून बोर्डावर ठेवायचा.

मशीन घेताना बहुतेकांची नजर आधी माहितीपत्रकातल्या ताशी वेगावर जाते. माझ्या मते तो आकडा शेवटी पाहावा. बोर्डावर २०० कंपोनंट आणि मशीनचा वेग ताशी ३०,००० असेल, तर एका बोर्डाला २४ सेकंद लागतात. दुप्पट वेगाचं मशीन आणलं तर १२. पण लाइनमध्ये मशीनच्या आधी असलेल्या प्रिंटरला बोर्डावर सोल्डर पेस्ट लावून स्टेन्सिल पुसायला ३० सेकंद लागत असतील, तर महागडं मशीनही ताटकळत उभंच राहणार. शंभर बोर्डांची ऑर्डर अशी ५० मिनिटांत उरकते आणि पुढच्या कामाच्या कंपोनंटची रिळं चढवण्यात तास जातो. अशा छोट्या ऑर्डरींवर चालणाऱ्या लघुउद्योगाने रिळं धरणाऱ्या जादा फीडरवर पैसे घालावेत. त्यांत लाइन चालू असतानाच पुढची रिळं भरून ठेवता येतात.

देखभालीची सुरुवात मात्र फ्रिजपासून होते. पेस्ट साधारण २ ते १० अंशांत ठेवतात आणि डबा उघडण्याआधी काही तास बाहेर काढतात. गार डबा तसाच उघडला, तर हवेतली वाफ पेस्टवर धरते, पुढे सोल्डर वितळवणाऱ्या ओव्हनमध्ये उकळते आणि सोल्डरचे बारीक मणी बोर्डभर उडवते. पावसाळ्यात तर हे हमखास होतं.

मशीन कंपोनंट टाकून द्यायला लागलं, की मुळाशी जाण्याची एक सोपी युक्ती आहे. एकाच रिळाचे कंपोनंट वाया जात असतील, तर फीडर दुसऱ्या जागी लावून बघायचा. तक्रार त्याच्यासोबत गेली, तर फीडरचे दात झिजून कंपोनंटची पट्टी नीट पुढे सरकत नसणार. तक्रार अनेक रिळांवर पण एकाच नोझलची असेल, तर त्याच्या भोकात पेस्ट किंवा धूळ अडकलेली असते. धुऊन काम भागत नसेल तर नोझल बदलावं.

रिफ्लो ओव्हनमध्ये हलगर्जी मुळीच चालत नाही. शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं. कथील, चांदी आणि तांब्याचं आजचं शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं. कंपोनंटला सोसेल तिथवर उरलेलं अंतर त्यामुळे कमी झालंय. पडद्यावरचा आकडा ओव्हनमधल्या हवेचा असतो. जाड कनेक्टरखालचा सांधा मागे राहतो आणि टोकाचा रेझिस्टर आधी तापतो. म्हणून प्रत्येक नव्या बोर्डाला थर्मोकपल चिकटवून तो ओव्हनमधून एकदा फिरवावा. विक्रेत्याकडे डेमोला जातानाही त्याचा नमुना बोर्ड न पाहता आपलाच सगळ्यात किचकट बोर्ड न्यावा, आणि नोझल मोडलं तर नवं किती दिवसांत हातात पडेल हे लेखी घ्यावं.