विषारी साप : समजूत आणि वस्तुस्थिती

जगात सापांच्या सुमारे ४,००० जाती असून त्यांपैकी सुमारे ६०० विषारी आहेत. दरवर्षी सुमारे ५४ लाख लोकांना सर्पदंश होतो आणि ८१ हजार ते १ लाख ३८ हजार लोक प्राणास मुकतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

विष जितके जहाल, तितके मृत्यू अधिक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. उंदरांवरील प्रयोगांत ऑस्ट्रेलियातील इनलँड तैपान या सापाचे विष सर्वांत जहाल ठरले आहे. परंतु तो विरळ वस्तीच्या रुक्ष प्रदेशात जमिनीच्या भेगांतून राहतो. माणसाशी त्याची गाठ क्वचितच पडते. संपूर्ण ऑस्ट्रेलियात सर्पदंशाने वर्षाकाठी सरासरी दोन-तीनच मृत्यू होतात. भारतात मात्र २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार लोक दगावले, असा संशोधकांचा अंदाज आहे. आपल्याकडील नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे साप माणसाच्या वावराच्या जागीच आढळतात, आणि दंशानंतर रुग्णालय गाठण्यास उशीर होतो, ही त्याची प्रमुख कारणे होत.

नाग व मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर परिणाम करते. पापण्या जड होतात, श्वास मंदावतो. घोणस व फुरसे यांच्या विषामुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडून रक्तस्राव होतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते. तेथे वेदना वा सूज फारशी नसल्याने दंश लक्षातही येत नाही.

फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी १८९० नंतरच्या दशकात नागाच्या विषावर प्रतिविष तयार केले. एका सापाचे प्रतिविष दुसऱ्यावर चालेलच असे नाही, हे पुढे ब्राझीलचे डॉ. व्हितल ब्राझिल यांनी दाखवून दिले. म्हणूनच भारतात वरील चारही सापांची विषे अल्प मात्रेत घोड्यांना टोचून, त्यांच्या रक्तापासून चौघांवर चालणारे एकच प्रतिविष बनवितात. अर्थात, उपचारासाठी साप पकडण्याची वा मारण्याची आवश्यकता नसते.

चिरा देणे, विष चोखणे, घट्ट आवळपट्टी बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांत मोलाचा वेळ जातो आणि अपायही होतो. रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि त्यास न चालविता वाहनाने त्वरित रुग्णालयात न्यावे. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्याने घटविण्याचे उद्दिष्ट केंद्र शासनाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आहे. प्रतिविष नजीक कोठे मिळते, हे प्रत्येक ग्रामपंचायतीने फलकावर लिहिले आणि शिक्षकांनी ते मुलांकरवी घरोघरी पोहोचविले, तर त्या उद्दिष्टास गावपातळीवर मोठा हातभार लागेल.