रद्दीतला कागद आणि कचऱ्यातला कागद

गोखिवरे येथील भोईदापाड्यावर वसई-विरार महानगरपालिकेची कचराभूमी आहे. तेथे पोहोचणारा कागद बहुधा घरातच निकामी झालेला असतो. वर्तमानपत्रे, वह्या, कोरडे पुठ्ठे यांना रद्दीवाला किलोवर भाव देतो. म्हणून ती जपली जातात. तेलकट खोके किंवा आतून प्लॅस्टिकचा थर असलेला चहाचा कागदी पेला त्याला नको असतो, आणि त्याचे कारण सबळ आहे. रद्दी पाण्यात भिजवून तिचा लगदा करतात. त्यातून तेल सहजी निघत नाही, प्लॅस्टिक विरघळत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. पण भाजीच्या सालींखाली भिजलेला पुठ्ठा सुका कसा म्हणावा? खोक्याचे कोरडे झाकण फाडून रद्दीत ठेवावे, तेलकट तळ ओल्या कचऱ्यात टाकावा, एवढे तरी कोणत्याही घरी जमण्याजोगे आहे.