चहाच्या झुडपाची खूण



चहाच्या झुडपालाही आजार होतो, आणि त्या आजाराची किंमत कोणीतरी मोजत असतो, हे कपबशी हातात असताना आपल्या मनात येत नाही. मी कामगार चळवळीतला माणूस. वनस्पतिशास्त्र कॉलेजात शिकलो नाही. ग्रंथालयात बसून वाचले. तेव्हा जे उमगले तेवढेच साध्या भाषेत सांगतो.

सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, डोंगर एके काळी कॉफीने भरलेले होते. १८६९ मध्ये तेथे कॉफीवर तांबेरा दिसला आणि पुढल्या वीसेक वर्षांत तो धंदा बुडाला. मळेवाले चहाकडे वळले. पण १९४६ मध्ये ‘ब्लिस्टर ब्लाइट’ हा बुरशीचा रोग दक्षिण हिंदुस्थानात आणि सिलोनात येऊन थडकला. थंड, धुकट, पावसाळी हवेत हिचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात. कोवळ्या पानावर आधी फिकट ठिपका पडतो, मग पानाच्या खालच्या बाजूला पांढरा फोड येतो. जून पानाला ती शिवत नाही. आणि चहा तर कोवळ्या पानांचाच होतो! म्हणजे चोर नेमका तिजोरीवरच हात घालतो.

उपाय म्हणून तांबेयुक्त औषधे फवारतात. पावसाळ्यात पुनःपुन्हा फवारावी लागतात. २०२१ मध्ये श्रीलंका सरकारने रासायनिक खते व औषधे यांची आयात एकाएकी बंद केली. वर्ष संपण्याच्या आत तो हुकूम मागे घ्यावा लागला. फवारणी हुकमाने थांबत नाही. झुडपाच्याच अंगी ताकद असावी लागते, हा त्यातला धडा.

मग ताकदवान झुडपे का लावीत नाहीत? अडचण अशी की, चहाच्या फुलाला सहसा स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या झुडपाचे लागतात. त्यामुळे एकाच झाडाच्या बियांपासून उगवलेली रोपे भावंडांसारखी निरनिराळी निघतात. त्यांतले एखादे चांगले हेरायचे आणि छाटकलमांनी वाढवायचे. पण ते हेरण्यात, वाढवण्यात, निरनिराळ्या मळ्यांत पारखण्यात वीस-वीस वर्षे जातात.

येथे आनुवंशिक खूण, म्हणजे मार्कर, उपयोगी पडते. चहाच्या पेशीत गुणसूत्रांच्या पंधरा जोड्या असतात. त्यांतील डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. आसामी जातीच्या चहाचा हा मजकूर २०१७ मध्ये प्रथम वाचला गेला. तो सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा भरला. रोगाशी झुंजणारे जनुक त्यात नेमके कोठे आहे, हे शोधणे कठीण. पण त्याच्या शेजारची एखादी ठळक जागा ओळखता येते.

गिरणीतला दाखला देतो. ताण्यात एक खास दोरा आहे, पण तो डोळ्यांना वेगळा दिसत नाही. त्याच्या अगदी शेजारी लाल दोरा घातला. कापड उभे फाडले, तरी ज्या पट्ट्यात लाल दोरा, त्यातच बहुधा खास दोराही सापडेल. दोघे जितके जवळ, तितकी कात्री त्यांच्या मधून जाण्याची भीती कमी. मार्कर म्हणजे हा लाल दोरा.

तो शोधण्यासाठी दोन झुडपांचा संकर करतात, संततीची रोपे रोगट हवेत वाढवतात आणि प्रत्येकाला रोग किती होतो, याची नोंद ठेवतात. मग पानांतला डीएनए तपासून, कोणती खूण निरोगी रोपांबरोबर वारंवार येते, ते पाहतात. श्रीलंकेच्याच संशोधकांनी ब्लिस्टर ब्लाइटशी झुंजणाऱ्या झुडपांची अशी एक खूण २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. अशी खूण पक्की ठरली, की पुढच्या संकरातले रोप चार पानांचे असतानाच ठेवायचे की टाकायचे, हे ठरवता येते. यात बाहेरचे जनुक घालावे लागत नाही. निवड तेवढी लवकर होते.

पण खूण म्हणजे जादू नव्हे. रोगाशी झुंजण्याची ताकद पुष्कळदा अनेक जनुकांत वाटलेली असते. एका कुळातली खूण दुसऱ्या कुळात फसू शकते. चव आणि उत्पन्न शेवटी मळ्यातच पारखावे लागते. शिवाय बुरशीही बदलते. सारा डोंगर एकाच कलमाने भरला, तर कॉफीची कहाणी पुन्हा घडायला वेळ लागणार नाही.

आणि एक प्रश्न प्रयोगशाळेच्या बाहेरचा आहे. पाठीवर पंप घेऊन फवारणारा कामगारच आहे, आणि फोड आलेले पान खुडताना जिची टोपली हलकी भरते तीही कामगारच आहे. निरोगी झुडूप ही त्यांच्या हिताचीच गोष्ट. पण जुने झुडूप उपटून नवे लावले, की ते खुडणीला येईपर्यंत काही वर्षे जातात. त्या वर्षांत खुडणारीच्या मजुरीचे काय? झुडपाची निवड शास्त्रज्ञ करतील. या प्रश्नाचे उत्तर मात्र मालक, सरकार आणि युनियन यांनी एकत्र बसून, पहिले झुडूप उपटण्याच्या आधी द्यायचे आहे.