पाच उदाहरणे आणि सहावी संख्या



प्रयोगशाळेत आमचे विद्यार्थी पाच निरीक्षणे घेतात आणि पाचही बिंदू एका रेषेत आले की समाधानाने आलेख पुरा करतात. पदार्थविज्ञानात हे बहुधा खपून जाते. गणितात का खपत नाही, हे ४,२९,४९,६७,२९७ या संख्येकडून शिकावे.

२ चे १, २, ४, ८ व १६ वे घात घ्या आणि प्रत्येकात १ मिळवा. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतील. या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणजे १ व ती संख्या स्वतः यांखेरीज त्यांना कशानेही भाग जात नाही. फ्रान्समधील पिएर द फर्मा या गणितज्ञाने १६४० साली अनुमान केले की, ही मालिका कितीही लांबवली तरी मूळ संख्याच मिळतील. आपल्याजवळ सिद्धता नाही, हेही त्याने प्रांजळपणे सांगितले होते. मालिकेतील सहावी संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. हीच आपली संख्या!

ती मूळ आहे की नाही, हे कसे ठरवावे? तिचे वर्गमूळ ६५,५३६ हून किंचित जास्त आहे आणि तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. एकेकीने भागत बसायचे तर कागदांचा ढीग पडेल. पण १७३२ साली लेओनार्ड ऑयलरने दाखवून दिले की,

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागले तर बाकी १ उरलीच पाहिजे, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पाचव्याच प्रयत्नात काम फत्ते!

भागाकार न करताही हे पडताळता येते. ५ × १२८ ला 'क्ष' म्हणा. मग क्ष + १ = ६४१. क्ष च्या चौथ्या घातातून १ वजा केल्यास येणाऱ्या संख्येचा (क्ष + १) हा अवयव असतो. म्हणून ६२५ × (२ चा २८ वा घात) − १ हिला ६४१ ने भाग जातो. आता ६४१ = ६२५ + १६ हेही खरे. याला २ च्या २८ व्या घाताने गुणा. ६२५ × (२ चा २८ वा घात) + (२ चा ३२ वा घात) मिळेल; तिलाही ६४१ ने भाग जाणारच. दुसरीतून पहिली वजा करा. उरते २ चा ३२ वा घात अधिक १!

यानंतरची हकिगत तर आणखी गमतीची आहे. या सहाव्या संख्येपासून मालिकेतील सलग २८ संख्या मूळ नाहीत, हे आजवर सिद्ध झाले आहे. ६५,५३७ च्या पुढची एकही मूळ संख्या या मालिकेत सापडलेली नाही. मग पुढे ती नाहीच, असे म्हणावे काय?

थांबा! फर्माजवळ पाच उदाहरणे होती, आपल्याजवळ अठ्ठावीस आहेत. सिद्धता त्याच्याजवळ नव्हती. आपल्याजवळही अजून नाही.