टँकरची वही

मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेनऊ. पुण्याजवळ वाघोलीतल्या एका सोसायटीत आम्ही तिघं भाड्याचा फ्लॅट बघायला आलोय. सातव्या मजल्यावरचा टू बीएचके. एजंट खोल्या दाखवत नाही. दार उघडल्या उघडल्या सरळ बाल्कनीत नेतो आणि खाली बोट दाखवतो. "ताई, पूल बघा."

खाली निळ्या फरश्यांचा तलाव. पाणी इतकं नितळ की तळावरच्या पट्ट्या इथून मोजता येतात. माझी आठ वर्षांची मुलगी गजांना नाक लावून उभी राहते, ती हलतच नाही. मी पोहायला शिकले आजोळच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. मामा काठावरून दोर धरायचा. तिच्या वाट्याला विहीर नाही. हा तलाव तरी यावा, असं मला मनापासून वाटतं.

खोल्या, ओटा, ड्राय बाल्कनी घाईनेच बघून होतात. ओट्यावरचा नळ सोडते. आधी नुसती हवा, मग बारीक धार. "टाकी भरतेय," एजंट म्हणतो.

खाली येतो तर तलावाच्या भिंतीपलीकडे टँकर उभा. पाइप जमिनीतल्या टाकीत सोडलेला, मागे आणखी दोन गाड्या. वॉचमनकाका वहीत नंबर टिपतायत.

"काका, रोज किती येतात?"

ते वहीच माझ्यापुढे करतात. तारीख, गाडीचा नंबर, वेळ, सही. काल 14 गाड्या, परवा 13. एकेक गाडी 10,000 लिटरची. मी पानं मागे उलटते. जानेवारीत रोज सहा, फार तर सात. वाघोली 2021 मध्ये आणखी 22 गावांबरोबर महापालिकेत आली, पण या सोसायटीत महापालिकेचं पाणी अजून आलेलं नाही.

तलावाची मापं काकांना पाठ आहेत. 15 मीटर लांब, 6 रुंद, सव्वा मीटर खोल. म्हणजे 1,12,500 लिटर; अकरा टँकर भरून वर थोडं. हे पाणी रोज बदलत नाहीत, गाळून पुन्हा फिरवतात. तरी उन्हाने उडतं ते आणि फिल्टर धुताना वाहून जातं ते भरून काढावंच लागतं.

"मागच्या मेमध्ये महिनाभर बंदच होता," काका सांगतात. मुलगी माझ्याकडे बघते. तिच्या सुट्टीचाच तो महिना.

क्लबहाउसच्या पायरीवर एजंट कराराचा मसुदा काढतो. 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. भाडं, डिपॉझिट, रंगकाम, सगळं आहे. तलावाचा शब्दही नाही. उन्हाळ्यात टँकरचा खर्च वाढला तर तो कुणी द्यायचा, तेही नाही. दोन्ही लिहा, असं मी म्हणते. "ताई, असं कोणी लिहीत नाही." का नाही? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. मग ज्याच्या जोरावर भाडं जास्त सांगता, ते तोंडी का?

तो मालकांना फोन लावतो. टँकरचा वाढीव खर्च ते देतील, तसं लिहूनही देतील. तलावाचं मात्र सोसायटी ठरवेल तसं.

आम्ही टोकन न देता निघतो. मुलगी फाटकापर्यंत मागे वळून बघत राहते.

पूल असलेलं घर भाड्याने घेणार असाल तर ते मे महिन्यात बघायला जा, आणि पुलाच्या आधी टँकरची वही मागा.