खरे ठरले, म्हणजे कळले का?

दूरवर कोणी मांस भाजायला विस्तव पेटवला आहे. धूर अजून निघालेला नाही, पण मांसाच्या वासाने किड्यांचा थवा घोंगावत वर उठला आहे. लांबून पाहणाऱ्याला तो काळा लोट धूरच वाटतो. धूर दिसतोय, म्हणजे विस्तव असणार, असे तो ठरवतो. विस्तव खरोखरच आहे. पण मग त्याला विस्तवाचे ज्ञान झाले का?

हा पेच आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तत्त्वज्ञाने मांडला. त्याचेच दुसरे उदाहरण वाळवंटातले. तहानलेला वाटसरू मृगजळाकडे धाव घेतो आणि नेमक्या त्याच जागी, खडकाखाली, त्याला खरे पाणी मिळते. तहान भागली, पण तिथे पाणी आहे हे त्याला आधीपासून माहीत होते, असे म्हणायला जीभ रेटत नाही.

आता थेट १९६३ साली येऊ. अमेरिकेतले एडमंड गेटियर ‘अ‍ॅनालिसिस’ या नियतकालिकात जेमतेम तीन पानांचा निबंध लिहितात. स्मिथकडे भक्कम पुरावा आहे की नोकरी जोन्सला मिळणार आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत. त्यावरून तो अनुमान काढतो, ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी असतील. नोकरी मिळते ती स्मिथलाच, आणि त्याच्या नकळत त्याच्याही खिशात दहाच नाणी असतात! अनुमान खरे, त्याला आधारही आहे, तरी हे ज्ञान नव्हे. खरी आणि साधार समजूत म्हणजे ज्ञान, ही प्लेटोच्या ‘थिएटेटस’ संवादापासून चर्चेत असलेली व्याख्या या तीन पानांनी हादरली.

धर्मोत्तर आणि गेटियर यांच्यामध्ये बाराशेच्या आसपास वर्षे आहेत. उदाहरणांची घडण मात्र सारखी आहे: कारण चुकीचे, निष्कर्ष बरोबर. मला त्याहूनही विलक्षण वाटते ते हे, की दोघांचे लक्ष्य वेगळे होते. धर्मोत्तर ज्याच्या ग्रंथांवर टीका लिहीत होता, त्या धर्मकीर्तीच्या मते जे फसवत नाही, ते ज्ञान प्रमाण. मृगजळाच्या वाटसरूला पाणी मिळते, म्हणजे हाती आलेले यशही पुरेसे नाही. गेटियर मात्र समजुतीला असलेला आधार तपासत होते.

तिसरा माणूस आणखी पुढे जातो. ‘नैषधीयचरित’ लिहिणारा बाराव्या शतकातला श्रीहर्ष ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात विचारतो: मुठीत कवड्या किती? कोणी म्हणतो, पाच. मूठ उघडली, नेमक्या पाच! हे ज्ञान धरायचे का? श्रीहर्षाला नवी व्याख्या द्यायची नाही. नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांची, प्रत्येक व्याख्या कशी कोसळते, तेवढेच दाखवायचे आहे.

नैयायिकांच्या लेखी ज्ञान ही एका क्षणी उपजणारी घटना होती, म्हणून ती कोणत्या कारणांतून उपजली, याची चौकशी त्यांच्याकडे शतकानुशतके चालली. गेटियरनंतर चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, अ‍ॅल्विन गोल्डमन यांनीही ज्ञानाचा कारणांशी असलेला धागा शोधायला घेतला. पुढे तत्त्वज्ञ बिमलकृष्ण मतिलाल यांनी या भारतीय आणि पाश्चात्त्य परंपरा एकाच चर्चेत आणून बसवल्या.

गेटियरनंतर कितीतरी दुरुस्त व्याख्या आल्या. सर्वांना पटेल अशी एकही ठरलेली नाही. ज्ञानाला अशी व्याख्या देता येईल का, या श्रीहर्षाच्या खंडनातून उभ्या राहणाऱ्या प्रश्नाला आजही उत्तर द्यावे लागेल.